डोकं नसलेले दोन बोल्ट

माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. पाय बऱ्यापैकी सुटला होता. काठी घेऊन ते घरभर फिरायचे. बोलणंही परत आलं होतं, फक्त एकेक शब्द आतल्या खोलीतून शोधून आणावा तसं हळू यायचं. उजवा हात मात्र आला नव्हता. खांद्यातून, कोपरातून हलायचा. पुढे बोटं अर्धवट मिटलेली, ती तशीच राहायची. नेरूळला एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा न्यायचं असायचं. माझा नवरा बंदराच्या कामावर गुजरातेत, महिन्यातून एकदा येणार. त्यामुळे वयाच्या चाळिशीत मी गाडी चालवायला शिकले.

आमचं घर बेलापूरजवळच्या गावठाणात, खाडीपासून दोन गल्ल्यांवर. गाडी जुनी, लाल, लहानशी, घरासमोर उघड्यावर उभी. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती दोनदा रस्त्यात बंद पडली. गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी मी सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवलं, बेल्ट लावला, चावी फिरवली. इंजिन फिरत राहिलं पण सुरू काही झालं नाही. आम्ही दोघं तसेच वीस मिनिटं बसलो. मग मी त्यांना उतरवलं.

ओळखीचा एक मेकॅनिक घरी आला. त्यानं स्कॅनर लावला, बॅटरीशेजारी हात घातला आणि मनगटाएवढ्या केबलला जोडलेली एक चपटी पेटी बाहेर काढली. इंजिनचा कॉम्प्युटर, तो म्हणाला. आत पाणी गेलंय. नवीन मिळायला वेळ लागेल आणि भाव आमच्या आवाक्याबाहेरचा होता. दुसरा मार्ग होता. वाशीला एक माणूस असल्या पेट्या उघडून दुरुस्त करतो. पण त्याला पेटी मोकळी लागते आणि आमच्या पेटीला तर लोखंडी ब्रॅकेट, पेटी धरून ठेवणारा पत्रा, घट्ट बसलेला होता. चोरांनी पेटी खोलून दुसऱ्या गाडीला लावू नये म्हणून कंपनी त्याला असे बोल्ट लावते की आवळताना त्यांची डोकी मोडून पडतात. मागे उरतो नुसता गुळगुळीत गोल गोळा. पाना कशाला लावणार? असे दोन बोल्ट होते, त्यात खाडीच्या वाऱ्यानं गंज धरलेला. मेकॅनिकनं दोन-चार वेळा पकडीनं झटका दिला, मग केबल काढून पेटी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ताई, यात माझा अख्खा दिवस जाईल, माझ्याकडे गाड्यांची लाइन लागलीये. जमलं तर तुम्हीच कुणाकडून तरी काढून घ्या.

त्या आठवड्यात आम्ही रिक्षानं एकदा नेरूळला गेलो. रिक्षात चढताना सासऱ्यांचा तोल गेला. रिक्षावाल्यानं त्यांना काखेत धरून आत ओढलं, चांगल्या मनानंच ओढलं. पण घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की पुन्हा जायचं नाही. सासूबाईंनी समजावलं, मी समजावलं, नवऱ्यानं फोनवर समजावलं. ते टीव्हीकडे बघत राहिले.

इथे सासऱ्यांविषयी आणि माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. माझे वडील मूळचे साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोण्या वाहणारे. सासरचे लोक इथलेच, भातशेती आणि मिठागर असलेले. शहर उभं राहिलं तेव्हा यांची जमीन गेली आणि त्या बदल्यात सासऱ्यांना एका केमिकल कंपनीत फिटरची नोकरी लागली. तीस वर्षं त्यांनी तिथे पंप आणि वॉल्व खोलले आणि जोडले. आमचं लग्न त्यांना पसंत नव्हतं. भांडण झालं नाही, अबोलाही नव्हता. पण बारा वर्षांत आमचं बोलणं चहा, औषध, लाइट गेली, पाणी आलं, याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. झटक्यानंतर मी त्यांना बसवत होते, उठवत होते, गाडीतून नेत होते. तरीही तसंच.

ती पेटी मी ओट्यावर, गॅसच्या बाजूला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जागेवर नाही. सासरे बाहेरच्या पडवीत खुर्चीवर बसले होते आणि पेटी त्यांच्या मांडीवर होती. डाव्या हाताचा अंगठा ते त्या दोन गोल गोळ्यांवरून पुनःपुन्हा फिरवत होते.

मला बघून म्हणाले, "ट्रंक आन."

त्यांची हत्यारांची ट्रंक पलंगाखाली होती. निवृत्त झाल्यावर ती फार उघडली गेली नव्हती आणि झटक्यानंतर तर नाहीच. मी ती ओढत पडवीत आणली. आत सगळं तेलकट फडक्यांत बांधून ठेवलेलं होतं, छिन्न्या एका गाठोड्यात, पाने दुसऱ्यात, तळाशी एक छोटा व्हाइस, वस्तू आवळून धरायचा शिकंजा. कुठल्या गाठोड्यात काय आहे ते त्यांना न सोडता माहीत होतं. व्हाइस पडवीच्या जुन्या बाकाला कसा आवळायचा ते त्यांनी बोटानं दाखवलं, मी आवळला. पेटी सरळ व्हाइसमध्ये धरू दिली नाही. आधी सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे कापून दोन्ही बाजूंनी लावायला लावले. मग जिथे केबल लागते त्या तोंडावर चिकटपट्टी लावायला सांगितली, एक थर नव्हे, तीन.

माझी नोकरी सीबीडीतल्या एका दातांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला, दुपारी दोनपासून. सकाळ मोकळी होती. मला वाटलं, तासाभराचं काम असेल.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि थांबलो. मी विचारलं, आता ठोकू का? त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासानं विचारलं, तरी नाही. मी म्हटलं, मोबाइलवर बघितलंय, लोक बर्नरनं तापवतात. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी बर्नरचं नाव परत काढलं नाही. आतली सगळी नाजूक वस्तू भाजून निघाली असती, हे मला नंतर कळलं. दर तासाला एक फवारा, एवढंच त्या दिवसाचं काम होतं. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या की या दोघांना आता हेच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं. लोखंड कापायच्या हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून बोल्टच्या डोक्यावर एक खाच पाडायची होती, म्हणजे त्या खाचेत छिन्नीची कड टेकवून बोल्ट उलटा फिरवता येईल. पात्याला फडकं गुंडाळून मी घासत राहिले. बोटं दुखायला लागली. सासरे बाजूला स्टुलावर बसून बघत होते. त्यांना मधेच काही सांगायचं असे, पण शब्द येईपर्यंत माझ्या हातून ते होऊन गेलेलं असे. त्यांचा जीव वरखाली होत होता, माझाही. घाम, डास, दुपारी कामाला जायचं. खाच कशीबशी पडली. मी छिन्नी लावली, हातोडी मारली. छिन्नी सटकली आणि थेट केबलच्या तोंडावर बसली. प्लास्टिकचा कपचा उडाला. चिकटपट्टी फाटून आतल्या दोन पिना वाकलेल्या दिसल्या.

"हात हाय का काय हाय तुझा?" ते म्हणाले. हे मात्र एका दमात आलं.

आणि मी म्हटलं, "माझा निदान चालतो तरी."

बोलून गेल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. त्यांनी काठी घेतली, उठले, भिंतीला धरून आत गेले. दाराचा उंबरा ओलांडताना उजवा पाय अडकला, तरी मी पुढे झाले नाही, कारण मला कळत होतं की आता माझा आधार त्यांना नको असणार. हातोडी बाकावर ठेवून मी न जेवता कामाला गेले. दवाखान्यात पेशंटांना चुकीच्या नावांनी हाका मारत राहिले.

संध्याकाळी घरी आले तर ते झोपलेले होते, किंवा तसं दाखवत होते. सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, की कंपनीत यांच्या हाताखाली नऊ माणसं होती, आणि अकरा महिन्यांत यांनी कुणाला कामाचं काही सांगितलेलं मी या दोन दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला टकटक आवाजानं जाग आली. पडवीत ते एकटेच होते. पेटी व्हाइसमध्ये, केबलच्या तोंडावर नवी चिकटपट्टी, वाकडीतिकडी का होईना पण तीन थर. डाव्या हातात लहान हातोडी. छिन्नी धरायला दुसरा हात नव्हता म्हणून त्यांनी ती ब्रॅकेटच्या फटीत कशी तरी अडकवून उभी केली होती. एक टोला मारला की ती पडायची. ते वाकून ती उचलायचे, परत उभी करायचे, परत टोला.

मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. म्हटलं, "बाबा, काल मी बोलले ते चुकलं माझं. असं बोलायला नको होतं."

त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली. शब्द जमायला वेळ लागला.

"खरा बोललीस. तुझा हात चालतो," ते म्हणाले. "आनि मना काम येते. मंग बस हितं."

एवढंच. मी स्टूल ओढून बसले. त्या दिवसापासून आम्ही काम वेगळ्या रीतीनं केलं. मी छिन्नी टेकवायची आणि थांबायचं. त्यांनी बघायचं, डाव्या हातानं माझं मनगट धरून छिन्नी दोन रेघा इकडे, जरा आडवी, अशी लावून द्यायची. मग ते "हां" म्हणाले की टोला. शब्दांची गरजच राहिली नाही, त्यामुळे शब्द येत नाहीत याची चिडचिडही राहिली नाही. टोला कसा मारायचा तेही त्यांनी शिकवलं. मी खांद्यातून मारत होते. मनगटातून मारायचा, हलका, पण बरेच. जोरात मारलं की बोल्ट हट्टाला पेटतो, असं काहीतरी ते म्हणाले.

टोल्यांच्या मधल्या वेळात ते बोलायला लागले. स्वतःहून, तुटक तुटक. मिठागरावर पाणी घ्यायला त्यांच्या वडिलांनी एक डिझेल पंप आणला होता. तो खारट पाण्यानं दर वर्षी असाच गंजून अडकायचा आणि चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते तो बांधावर बसून खोलायचे. कंपनीत मुलाखतीला साहेबानं विचारलं, शिक्षण काय? यांनी सांगितलं, पंप. साहेब हसला, पण घेतलं. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं, गोणी पाठीवर घेताना आधी श्वास सोडायचा की घ्यायचा यावरून मार्केटातले लोक कसे वाद घालायचे ते. त्यांनी विचारलं, मग काय करायचा? मी म्हटलं, सोडायचा. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले की पाना ओढतानाही सोडायचाच असतो. बारा वर्षांत माझ्या वडिलांविषयी त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

अकराच्या सुमारास एका टोल्यानंतर आवाज बदलला. आधी बोथट यायचा, आता चर्र असा आला. छिन्नीखाली बोल्ट केसभर सरकला होता. मला दिसलाही नाही, त्यांना ऐकू आला. त्यांनी हात वर केला. मग मी हळूहळू टोले देत तो अर्धा आटा फिरवला, मग पकडीनं धरून पूर्ण काढला. तपकिरी भुकटी गळाली. त्यांनी तो बोल्ट तळहातावर घेतला, बघितला आणि खिशात टाकला.

दुसऱ्या बोल्टलाही खाच पाडली, पण तो खाचेतच तुटला. डोक्याचा अर्धा भाग छिन्नीबरोबर निघून आला आणि उरलेला सपाट झाला. मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते निराश होतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर उलट कामाला लागलेल्या माणसाचं सुख होतं.

आता भोक पाडून बोल्टचं उरलेलं डोकं खाऊन टाकायचं होतं. समोरच्या घरातून ड्रिल मशीन मागून आणलं. चौथ्या दिवशी आम्ही पेटी जुन्या टॉवेलात गुंडाळली, फक्त तो बोल्ट उघडा ठेवला, लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून. मधोमध टोकदार पंचनं खूण करायला त्यांनी मला सहा वेळा लावलं, प्रत्येक वेळी भिंगातून बघून. ड्रिल सुरू केलं की व्हाइस बाकासकट थरथरायचा. पेटी जागेवर राहीना. मी म्हटलं, सासूबाईंना बोलावते धरायला.

ते स्टुलावरून पुढे झुकले. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात उचलला, वस्तू उचलावी तसा, आणि पेटीवर ठेवला. मग अंगाचा भार त्याच्यावर टाकला.

"चालू कर," ते म्हणाले.

मी हळूहळू दाब दिला. बारीक चकचकीत कीस वर यायला लागला. थांबायचं, तेलाचा थेंब टाकायचा, परत सुरू. माझं सगळं लक्ष ड्रिलच्या टोकावर होतं. सासूबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "त्यांचा अंगठा बग."

मी मशीन थांबवलं. त्यांचा उजवा अंगठा पेटीच्या कडेखाली गेला होता आणि बाकीची बोटं वरून वळलेली. हात नुसता ठेवलेला नव्हता, त्यानं पेटी धरली होती. अगदी थोडी. कागद धरावा इतपत. सासऱ्यांनीही खाली बघितलं. मग पकड सुटली, बोटं परत होती तशी झाली. त्यांनी परत प्रयत्न केला, झालं नाही. परत केला, तरी नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आधी हा काडू."

पाच-सात मिनिटांत डोकं सुटून ड्रिलभोवती कड्यासारखं फिरायला लागलं. मी स्क्रू ड्रायव्हर ब्रॅकेटखाली घातला, जरा उचललं आणि ब्रॅकेट कट्कन निघून बाकावर पडला. दोन पट्ट्यांचा वाकवलेला पत्रा, माझ्या तळहाताएवढा. चार दिवस आम्ही याच्याशी झुंजत होतो, हे बघून मला हसू आलं. तेही हसले. झटक्यानंतर त्यांचं हसणं एका बाजूला ओढलेलं असतं, तसंच.

वाशीचा माणूस शांत स्वभावाचा होता. त्यानं पेटी भिंगाखाली धरली आणि पहिल्यांदा विचारलं की ब्रॅकेट कुणी काढला. मी सांगितलं, घरीच, सासऱ्यांनी आणि मी. तो म्हणाला, लोक ग्राइंडर मारून अर्धी पेटी कापून आणतात. हिला ओरखडा नाही, फक्त हा कपचा. कपचा माझा आहे, मी म्हटलं. वाकलेल्या पिना त्यानं चिमट्यानं सरळ केल्या. आत पाण्यानं तांब्याची एक बारीक वाट खाल्ली होती. होईलच असं सांगत नाही, तो म्हणाला, पण प्रयत्न करतो. सहाव्या दिवशी त्याचा फोन आला, घेऊन जा.

बसवताना सासऱ्यांनी मेकॅनिकला ब्रॅकेटला साधे बोल्ट लावायला सांगितले, पान्यानं खुलणारे. चोरानं नेली तर? मेकॅनिकनं विचारलं. सासरे म्हणाले, त्याला एवढा वेळ असेल तर नेऊ दे. चावी मी फिरवली. पहिल्यांदा गाडी सुरू झाली नाही. मेकॅनिकनं बॉनेटखाली जाऊन एक वायर घासून परत बसवली. दुसऱ्यांदा सुरू झाली आणि सुरूच राहिली.

गाडीतून यायला सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही. नेरूळच्या बाईंना मी त्या अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी जास्त आशा लावली नाही आणि कमीही केली नाही. म्हणाल्या, नुसता चेंडू दाबण्यापेक्षा जे काम हाताला ओळखीचं आहे ते द्या. तेव्हापासून सासरे रोज सकाळी पडवीत बसून मोठे नट बोल्टवरून काढतात आणि परत चढवतात. पहिल्या महिन्यात उजवा हात नुसता टेकायचा. आता मोठा नट धरतो, लहान अजून निसटतो. निसटला की ते शिवी देतात, मी उचलून देते.

परवा नेरूळहून येताना त्यांनी हातानं खूण करून गाडी दिवाळे गावाच्या धक्क्याकडे घ्यायला लावली. होड्या लागल्या होत्या. काठी टेकत ते एकटेच उतरले. मी दार उघडायला गेले तर म्हणाले, बस. मासे विकणारी टोपलीवाली मावशी त्यांच्या ओळखीची निघाली, वर्षभरात दिसला नाहीस म्हणून रागावली. दोघांचं बराच वेळ चाललं. ती घाईनं बोलायची, हे सावकाश, पण तिनं त्यांचा एकही शब्द मधे तोडला नाही. मग ते पिशवी डाव्या हातात घेऊन परत आले. पिशवीत निवट्या होत्या, खाडीच्या चिखलातले मासे, अजून वळवळणाऱ्या.

मी म्हटलं, बाबा, मी साताऱ्याची, मला या साफ करता येत नाहीत. जिवंत तर नाहीच.

ते सीटवर नीट बसले, बेल्ट ओढून घेतला. क्लिप लावायला तीन खेपा लागल्या, पण मी हात पुढे केला नाही.

"मी सांगन तसा कर," ते म्हणाले.